संकर-विद्युत् विमानप्रचालन

संकर-विद्युत् विमानप्रचालन : विमानाला पुढे नेणारा रेटा निर्माण करण्यासाठी इंधनावर चालणारे एंजिन आणि विद्युत् चलित्र या दोहोंचा एकत्रित उपयोग करणाऱ्या प्रणालीस संकर-विद्युत् प्रचालन म्हणतात. अशा प्रणालीत ऊर्जेचा साठा सामान्यतः दोन रूपांत असतो : टाकीतील द्रव इंधन आणि विद्युत् घटमालेतील रासायनिक ऊर्जा. १९ किंवा त्याहून कमी आसनांच्या आणि ८,६१८ किग्रॅ. पर्यंत उड्डाण-वजनाच्या लघुविमानांच्या बाबतीत या प्रणालीचा विचार विशेषेकरून होतो. ही विमाने कमी अंतराची उड्डाणे करतात, त्यांना लागणारी शक्ती काही शेकडा किलोवॉट इतकीच असते आणि त्यांची टरबाइन एंजिने आकाराने लहान असल्यामुळे त्यांची कार्यक्षमता मोठ्या एंजिनांच्या मानाने कमी असते. अशी प्रणाली प्रत्यक्ष बांधण्यापूर्वी तिचे वजन, ऊर्जेचा खर्च, पल्ला आणि सुरक्षितता यांचा अंदाज गणितीय प्रतिमानाच्या साहाय्याने घेतात. प्रस्तुत नोंदीत प्रणालीचे प्रकार, प्रतिमानाची मांडणी आणि जालना–मुंबई यांसारख्या मार्गास ते लावून मिळणारे निष्कर्ष यांचे विवेचन केले आहे.

इतिहास : हवेतील प्रवासासाठी विद्युत् शक्ती वापरण्याची कल्पना विमानाहूनही जुनी आहे. शार्ल रनार व आर्तूर क्रेब्ज या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांनी ‘ला फ्रान्स’ हे विद्युत् चलित्राचे वायुयान ९ ऑगस्ट १८८४ रोजी सु. ८ किमी. फिरवून मूळ जागी परत आणले. त्यानंतर पेट्रोल एंजिनाचा विकास झाला आणि वजनाच्या मानाने त्याची शक्ती पुष्कळच अधिक असल्यामुळे विद्युत् चलित्र मागे पडले. माणसाला घेऊन उडणारे पहिले विद्युत् विमान ऑस्ट्रियात २१ ऑक्टोबर १९७३ रोजी काही मिनिटे उडाले. त्यात निकेल-कॅडमियम घट होते. लिथियम-आयन घटांचा प्रसार झाल्यावर या विषयास पुन्हा चालना मिळाली. सीमेन्स, डायमंड व ई. ए. डी. एस. या कंपन्यांनी २०११ मध्ये एकसरी संकर प्रणालीचे दोन आसनी विमान उडवून दाखविले. केंब्रिज विद्यापीठात २०१४ मध्ये समांतर संकर प्रणालीच्या एक आसनी विमानाची चाचणी झाली. अमेरिकेतील अँपेअर कंपनीने सेस्ना ३३७ या विमानाच्या दोन एंजिनांपैकी एकाच्या जागी विद्युत् चलित्र बसवून जून २०१९ मध्ये उड्डाण केले.

याच काळात अनेक योजना मध्येच थांबल्याही. बी. ए. ई. १४६ विमानावर २ मेगॅवॉटचे चलित्र बसविण्याचा एअरबसचा ‘ई-फॅन एक्स’ प्रकल्प एप्रिल २०२० मध्ये बंद करण्यात आला. अमेरिकेच्या नासा या संस्थेचा ‘एक्स-५७’ हा प्रकल्प २०२३ मध्ये एकही उड्डाण न होता संपला. टेक्नाम या इटालियन कंपनीने घटमालांचे आयुष्य अपुरे ठरत असल्याचे कारण देऊन आपल्या विद्युत् प्रवासी विमानाचे काम त्याच वर्षी स्थगित केले. स्वीडनमधील हार्ट एअरोस्पेस कंपनीने प्रथम १९ आसनी पूर्णतः विद्युत् विमान योजिले होते. २०२२ मध्ये ते सोडून तिने ३० आसनी संकर विमानाचा आराखडा पुढे केला. या सर्व घटनांचे मूळ घटमालेच्या वजनात आहे आणि वजनाचा हा प्रश्न प्रतिमानात प्रारंभीच दिसून येतो.

प्रकार : संकर प्रणालीचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. (१) एकसरी प्रणाली : हीमध्ये एंजिन फक्त विद्युत् जनित्र फिरविते. जनित्राची वीज व घटमालेची वीज एकत्र होऊन चलित्राकडे जाते आणि प्रचालक पंखा केवळ चलित्रानेच फिरतो. रेल्वेचे डीझेल-विद्युत् एंजिन याच तत्त्वावर चालते. मात्र त्यात सामान्यतः घटमालेचा उपयोग गाडी ओढण्यासाठी होत नाही. या प्रकारात एंजिन पंख्याच्या वेगापासून मुक्त असल्याने ते नेहमी अनुकूल वेगाने चालविता येते आणि एका जनित्रावर अनेक लहान पंखे चालविता येतात. परंतु एंजिनाची सर्व शक्ती जनित्र, इन्व्हर्टर व चलित्र यांतून जात असल्यामुळे प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी ऊर्जा वाया जाते आणि या तिन्ही यंत्रांचे वजनही वाहावे लागते. (२) समांतर प्रणाली : हीमध्ये एंजिन व चलित्र ही दोन्ही दंतचक्रांद्वारे एकाच पंख्याच्या दंडास जोडलेली असतात. उड्डाण व आरोहण यांच्या वेळी दोहोंची शक्ती एकत्र मिळते. समतल उड्डाणात एंजिन एकटेच काम करते. (३) टर्बो-विद्युत् प्रणाली : हीमध्ये घटमाला नसते व सर्व वीज टरबाइनाने चालणाऱ्या जनित्रापासून मिळते. यांखेरीज हायड्रोजनवर चालणारे इंधन-विद्युत् घट आणि घटमाला यांचा संयोग हाही एक संकर प्रकारच होय.

प्रणाली कितपत विद्युत् आहे हे सांगण्यासाठी दोन गुणोत्तरे वापरतात. कमाल शक्तीपैकी जो भाग चलित्रापासून मिळतो त्यास शक्ति-संकरण गुणोत्तर आणि संपूर्ण प्रवासातील ऊर्जेपैकी जो भाग घटमालेतून येतो त्यास ऊर्जा-संकरण गुणोत्तर म्हणतात. ही दोन्ही वेगळी ठेवणे आवश्यक असते. एखाद्या विमानात शक्तीचा चौथा हिस्सा विद्युत् असूनही ऊर्जेचा केवळ विसावा हिस्सा विद्युत् असू शकतो. कारण ती शक्ती काही मिनिटेच वापरली जाते.

प्रतिमानाचे घटक : प्रतिमानाचा आरंभ उड्डाण-आलेखापासून होतो. धावपट्टीवरील धाव, आरोहण, समतल उड्डाण, अवरोहण, उतरणे आणि राखीव उड्डाण असे प्रवासाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यातील उंची, वेग व कालावधी ठरवितात. यानंतर पुढील उपप्रतिमाने एकमेकांस जोडली जातात.

वायुगतिकीय उपप्रतिमान विमानाचे वजन, वेग व हवेची घनता यांवरून ओढ, म्हणजे हवेचा विरोध, काढते. समतल उड्डाणात पंखांचे उत्थापन वजनाइतके व पंख्याचा रेटा ओढीइतका असतो. म्हणून उत्थापन व ओढ यांचे गुणोत्तर हे विमानाच्या काटकसरीचे प्रमुख माप ठरते. १९ आसनी लघुविमानात समतल उड्डाणाच्या वेगास हे गुणोत्तर सु. १० धरता येते. रेटा व वेग यांच्या गुणाकारास पंख्याच्या कार्यक्षमतेने भागले असता दंडावरील शक्ती मिळते.

एंजिनाच्या उपप्रतिमानात उंची, तापमान व शक्तीची पातळी यांनुसार इंधनाचा खर्च दिलेला असतो. ६०० किलोवॉटच्या आतील टरबाइन एंजिनास दंडावरील एका किलोवॉट-तासासाठी सु. ०·३४ किग्रॅ. केरोसीन लागते, म्हणजे त्याची कार्यक्षमता सु. २५ टक्के असते. शक्ती कमी केल्यावर हा खर्च दर एककामागे वाढतो. लघुविमानाचे एंजिन उड्डाणासाठी मोठे निवडावे लागते व नंतरचा बराच काळ ते अंशशक्तीवर चालते. संकर प्रणालीच्या समर्थनातील एक मुख्य मुद्दा हाच आहे.

चलित्र व इन्व्हर्टर यांची एकत्रित कार्यक्षमता ९० टक्क्यांहून अधिक असते. तांब्याच्या वेटोळ्यांतील ऱ्हास विद्युत् प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लोहगाभ्यातील ऱ्हास वेगाबरोबर वाढतो. उरलेल्या काही टक्क्यांची उष्णता होते व ती काढून टाकण्यासाठी शीतक, नळ्या व उष्णता-विनिमयक लागतात. शीतन व्यवस्थेचे वजन व तिच्यामुळे वाढणारी ओढ हिशेबात न धरल्यास प्रतिमानाचे उत्तर वास्तवाहून बरेच अनुकूल येते.

घटमालेचे उपप्रतिमान सर्वांत नाजूक असते. घटाचा विद्युत् दाब त्याच्या भारण पातळीनुसार बदलतो आणि अंतर्गत रोधामुळे प्रवाह वाढताच तो आणखी घटतो. त्यामुळे भारण पातळी खाली गेलेली असताना घटमालेकडून पूर्ण शक्ती मिळेलच असे नाही. आणि विमान उतरत असताना पुन्हा वर घ्यावे लागल्यास नेमकी त्याच वेळी पूर्ण शक्ती हवी असते. घट जुना झाल्यावर त्याची धारकता कमी होते व रोध वाढतो. यास्तव प्रतिमानात नव्या घटाचे आकडे न घेता बदलण्याच्या वेळचे, म्हणजे जुन्या घटाचे आकडे घेणे उचित असते.

पूर्णतः विद्युत् विमानाचा पल्ला काढण्याचे सूत्र सोपे आहे : घटमालेची विशिष्ट ऊर्जा, प्रणालीची एकूण कार्यक्षमता, उत्थापन-ओढ गुणोत्तर आणि एकूण वजनातील घटमालेचा हिस्सा यांचा गुणाकार करून त्यास गुरुत्वीय प्रवेगाने भागावे. घटमालेच्या सांगाड्यासह विशिष्ट ऊर्जा दर किग्रॅ. ला १८० वॉट-तास, तिचा वापरण्याजोगा भाग ८० टक्के, चलित्र-इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९२ टक्के, पंख्याची ८२ टक्के, उत्थापन-ओढ गुणोत्तर १० आणि विमानाच्या वजनाचा चौथा हिस्सा घटमालेचा धरल्यास पल्ला सु. १०० किमी. येतो. त्यात राखीव उड्डाणाची तरतूद नाही.

केरोसिनाच्या एका किलोग्रॅममध्ये सु. १२,००० वॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे वरील घटमालेच्या सु. ६६ पट. एंजिनाची कार्यक्षमता कमी व चलित्राची अधिक असल्यामुळे दंडापर्यंत पोहोचणाऱ्या ऊर्जेत हा फरक उतरून सु. २२ पटींवर येतो. यांशिवाय आणखी एक भेद आहे. इंधन जळत जाते तसे विमान हलके होते. घटमाला रिकामी झाली तरी तिचे वजन तेवढेच राहते.

वजनाचे पुनरावर्ती गणन : घटमाला वाढविली की विमान जड होते, जड विमानाला अधिक मजबूत सांगाडा, अधिक शक्ती व अधिक ऊर्जा लागते, म्हणून घटमाला पुन्हा वाढवावी लागते. हे चक्र सोडविण्यासाठी आरंभी एक वजन गृहीत धरून सर्व उपप्रतिमाने चालवितात, मिळालेले नवे वजन पुन्हा आरंभी घालतात आणि दोन लागोपाठच्या उत्तरांतील फरक नगण्य होईपर्यंत ही क्रिया चालू ठेवतात. काही वेळा उत्तर स्थिरावतच नाही, वजन वाढतच जाते. अशा वेळी दोष गणनाचा नसून ते विमान त्या घटमालेने बांधणे शक्य नाही असा त्याचा अर्थ असतो. कोणत्या टप्प्यावर किती शक्ती एंजिनाकडून व किती घटमालेकडून घ्यावी हेही प्रतिमानातच ठरवितात आणि त्यासाठी इष्टतमीकरणाच्या गणितीय पद्धती वापरतात. नासाने विकसित केलेली ‘ओपन एम. डी. ए. ओ.’ ही संगणकीय चौकट व तीवर आधारलेले मिशिगन विद्यापीठातील ‘ओपन कन्सेप्ट’, तसेच स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘स्वावे’ या प्रणाली अशा गणनासाठी खुल्या आहेत.

जालना–मुंबई मार्गाचे उदाहरण : जालना हे १ मे १९८१ रोजी निर्माण झालेल्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असून पोलाद, बी-बियाणे व मोसंबी यांच्या व्यापारासाठी ते प्रसिद्ध आहे. जवळचा प्रवासी विमानतळ छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील चिकलठाण्याचा असून तो सरळ रेषेत सु. ५० किमी. वर आहे. जालन्याहून मुंबई हवाई मार्गाने सु. ३२५ किमी. व पुणे सु. २५० किमी. आहे. अशा मध्यम आकाराच्या शहरास लघुविमानाने राजधानीशी जोडणे परवडेल काय, हा प्रश्न प्रतिमानाच्या साहाय्याने तपासता येतो. पुढील आकडे कोणत्याही एका विशिष्ट विमानाचे नसून १९ आसनी वर्गाचे प्रातिनिधिक आहेत.

कमाल उड्डाण-वजन ६,४०० किग्रॅ., चालकांसह रिकामे वजन ४,१०० किग्रॅ., सामानासह प्रवाशाचे वजन ९५ किग्रॅ. व समतल वेग ताशी ३५० किमी. मानू. दंडावरील शक्ती सु. ७४० किलोवॉट व प्रवासाचा काळ एका तासाहून किंचित कमी येतो. आरोहण धरून दंडावरील एकूण ऊर्जा सु. ७०० किलोवॉट-तास लागते. नेहमीच्या एंजिनाने यासाठी सु. २३८ किग्रॅ. इंधन जळते. पर्यायी विमानतळापर्यंतचे उड्डाण आणि अर्धा तास घिरट्या यांसाठी सु. १७० किग्रॅ. इंधन राखीव ठेवले, तर १९ प्रवाशांसह एकूण वजन ६,३१३ किग्रॅ. होते, म्हणजे मर्यादेत राहते. दर प्रवाशामागे इंधन १२·५ किग्रॅ. पडते.

हेच उड्डाण केवळ घटमालेवर करावयाचे तर सु. ९५० किलोवॉट-तास धारकतेची घटमाला लागेल व तिचे वजन सु. ५,३०० किग्रॅ. होईल. रिकाम्या विमानात ती ठेवताच वजनाची मर्यादा ओलांडली जाते व प्रवाशांस जागाच उरत नाही. राखीव उड्डाणासाठी लागणाऱ्या सु. ५०० किलोवॉट-तासांस आणखी सु. ३,८०० किग्रॅ. ची घटमाला हवी. राखीव ऊर्जा क्वचितच वापरली जाते, परंतु ती प्रत्येक फेरीत वाहावी लागते. म्हणून ती हलक्या द्रव इंधनाच्या रूपात ठेवणेच श्रेयस्कर. संकर प्रणालीचे सर्वांत सबळ कारण हे आहे.

आता समांतर प्रणालीचा विचार करू. दोन्ही एंजिनांची शक्ती प्रत्येकी ५७५ वरून ५०० किलोवॉटवर आणून प्रत्येक पंख्यास ७५ किलोवॉटचे चलित्र जोडले व ही चलित्रे उड्डाणापासून २० मिनिटे चालविली, तर शक्ति-संकरण १३ टक्के व ऊर्जा-संकरण ७ टक्के होते. दंडावर मिळणाऱ्या ५० किलोवॉट-तासांसाठी सु. ६८ किलोवॉट-तास धारकतेची घटमाला लागते. तीतील एक-पंचमांश भाग घटांचे आयुष्य टिकावे आणि उतरताना पुन्हा वर जावे लागल्यास उपयोगी पडावा म्हणून शिल्लक राहतो. घटमाला सु. ३७५ किग्रॅ. आणि चलित्रे, इन्व्हर्टर, तारा व शीतन मिळून सु. ९० किग्रॅ.; लहान एंजिनांमुळे सु. ४५ किग्रॅ. वजन वाचते. निव्वळ वाढ ४२० किग्रॅ. होते. लहान एंजिन पूर्ण शक्तीच्या जवळ चालत असल्यामुळे इंधनखर्चात ८ टक्के सुधारणा धरल्यास इंधन २३८ वरून २०३ किग्रॅ. वर येते. परंतु वजनाच्या मर्यादेमुळे १५ च प्रवासी नेता येतात आणि दर प्रवाशामागे इंधन १३·५ किग्रॅ. पडते. एकूण खर्च घटला, तरी दर प्रवाशामागील खर्च वाढला असे हे उत्तर आहे.

घटमालेची विशिष्ट ऊर्जा ३०० वॉट-तास झाल्यास १७ प्रवासी बसतात व दर प्रवाशामागे इंधन ११·९ किग्रॅ. लागते, ४०० झाल्यास १८ प्रवासी बसून ते ११·३ किग्रॅ. होते. तथापि वीजही कोठेतरी निर्माण व्हावी लागते. दर फेरीस जालातून सु. ६० एकक वीज घ्यावी लागेल. भारतीय विद्युत् जालातील एका एककामागे सु. ०·७ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो असे धरल्यास, ४०० वॉट-तासांच्या घटमालेने दर प्रवाशामागील एकूण वायू ३९·६ वरून केवळ ३८ किग्रॅ. वर येतो. ३०० वॉट-तासांच्या घटमालेने तो किंचित वाढतोच. तीच वीज सौर घटांपासून मिळविल्यास आकडा ३५·६ वर येतो व सु. १० टक्के बचत होते. मराठवाड्यात वर्षाचा बराच काळ निरभ्र ऊन असल्यामुळे ही शक्यता विचारात घेण्याजोगी आहे.

ही उत्तरे गृहीतकांवर किती अवलंबून आहेत हेही पाहिले पाहिजे. एंजिनातील ८ टक्के सुधारणा प्रत्यक्षात मिळाली नाही, तर ४०० वॉट-तासांच्या घटमालेनेही दर प्रवाशामागील इंधनाची बचत नाहीशी होईल. उलटपक्षी, विमान नेहमी पूर्ण भरत नसेल तर आसने कमी झाल्याचा तोटा प्रत्यक्षात जाणवणार नाही. म्हणून तुलना आसनांच्या संख्येवर न करता त्या मार्गावर खरोखर मिळणाऱ्या प्रवाशांच्या संख्येवर करणे योग्य ठरते.

तापमान व उंची यांचा परिणाम : जालना समुद्रसपाटीपासून सु. ५०० मी. उंचीवर आहे आणि उन्हाळ्यात तेथील तापमान ४०° से. च्या वर जाते. ४२° से. तापमानास तेथील हवेची घनता प्रमाण समुद्रसपाटीवरील घनतेच्या सु. ८६ टक्केच असते. विरळ हवेमुळे पंख, पंखा व टरबाइन या तिन्हींचे कार्य मंदावते. विमानास अधिक लांब धावपट्टी लागते किंवा वजन कमी करावे लागते. विद्युत् चलित्राची शक्ती मात्र हवेच्या घनतेवर अवलंबून नसते. अशा दुपारी चलित्राचे साहाय्य उपयुक्त ठरते, विशेषतः उड्डाण करताना एक एंजिन बंद पडल्यास. परंतु त्याच उष्णतेत घटमाला थंड ठेवणे कठीण जाते. अर्ध्या तासाच्या थांब्यात तिचे पुनर्भारण करावयाचे तर सु. १२० किलोवॉटचे उपकरण व जमिनीवरील स्वतंत्र शीतन व्यवस्था लागेल.

सुरक्षितता व प्रमाणन : लिथियम-आयन घट अतितप्त झाल्यास एकाची उष्णता दुसऱ्यास लागून संपूर्ण घटमाला पेटू शकते. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ विमानांतील अशा घटनांमुळे त्या प्रकारच्या सर्व विमानांची उड्डाणे थांबविण्यात आली होती. त्यामुळे घटमालेभोवती आगरोधक पेटी व वायू बाहेर सोडणारी नळी आवश्यक ठरते व वजन वाढते. दुसरी अडचण विद्युत् दाबाची आहे. तारा हलक्या ठेवण्यासाठी दाब जास्त हवा असतो. परंतु उंचीवरील विरळ हवेत ठिणगी कमी दाबालाही उडते, म्हणून निरोधन अधिक जाड करावे लागते. यूरोपीय विमान सुरक्षा संस्थेने जून २०२० मध्ये पिपिस्ट्रेल कंपनीच्या दोन आसनी विद्युत् प्रशिक्षण विमानास प्रकार-प्रमाणपत्र दिले. या प्रकारचे ते पहिलेच होय. प्रमाणनासाठी प्रतिमानाचे उत्तर पुरेसे होत नाही. प्रत्येक उपप्रतिमान भूचाचणी व उड्डाणचाचणी यांतील मापनांशी पडताळून पहावे लागते.

भारतातील परिस्थिती : लहान शहरांना विमानसेवा देण्याचे प्रयत्न भारतात जुने आहेत. १९८१ मध्ये स्थापन झालेली वायुदूत ही कंपनी १९ आसनी डॉर्निअर २२८ विमाने वापरीत असे. तोट्यामुळे १९९३ मध्ये तिचे विलीनीकरण झाले. ‘उडान’ योजनेची पहिली उड्डाणे २७ एप्रिल २०१७ रोजी झाली. त्यांत नांदेड–हैदराबाद सेवेचा समावेश होता. या योजनेत तोट्याचा काही भाग शासन भरून देते. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने १९ आसनी बीचक्राफ्ट विमानाने जळगाव व नासिक ही शहरे मुंबईशी जोडली. ती कंपनी २०२० मध्ये बंद पडली. अशा सेवांच्या खर्चात इंधनाचा वाटा मोठा असतो. कानपूर येथे हिंदुस्थान एअरोनॉटिक्स लिमिटेड ही कंपनी डॉर्निअर २२८ बनविते व त्याच्या नागरी आवृत्तीची प्रवासी सेवा एप्रिल २०२२ मध्ये ईशान्य भारतात सुरू झाली. याच प्रकारच्या विमानाच्या एका बाजूस इंधन-विद्युत् घट व घटमाला यांवर चालणारे चलित्र बसवून झीरोअेव्हिया कंपनीने १९ जानेवारी २०२३ रोजी इंग्लंडमध्ये सु. १० मिनिटांचे उड्डाण केले. बंगळूर येथील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत १९ आसनी ‘सारस’ विमानाच्या दुसऱ्या आवृत्तीचे काम चालू असून दोन आसनी ‘हंस’ विमानाच्या विद्युत् आवृत्तीची घोषणा २०२५ मध्ये झाली.

जालन्यासारख्या शहरापुढे जमिनीवरील पर्यायही आहेत. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली व पुढे ती नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. जिल्ह्यातून जाणारा ७०१ किमी. लांबीचा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णतः खुला झाला. त्यामुळे विमानसेवेचे मूल्यमापन केवळ जुन्या विमानाशी तुलना करून भागत नाही. रेल्वे व रस्ता यांनी लागणारा वेळ, भाडे व ऊर्जा यांचाही विचार करावा लागतो.

मर्यादा व भवितव्य : वरील गणनावरून असे दिसते की, आज उपलब्ध असलेल्या घटमालांनी १९ आसनी विमानात सु. ३०० किमी. च्या मार्गावर दर प्रवाशामागे इंधनबचत होणे कठीण आहे. २५० ते ३०० वॉट-तासांच्या दरम्यान इंधनाचा तोटा भरून निघतो. वायूच्या दृष्टीने लाभ होण्यास त्याहून उच्च विशिष्ट ऊर्जा किंवा स्वच्छ वीज लागते. १०० ते १५० किमी. च्या मार्गांवर, ९ किंवा त्याहून कमी आसनांच्या विमानांत व वारंवार उड्डाण-अवतरण करणाऱ्या प्रशिक्षण विमानांत हा लाभ लवकर पदरात पडेल. संकर विमानाविषयीचा कोणताही दावा तपासताना घटमालेची विशिष्ट ऊर्जा सांगाड्यासह धरली आहे काय, राखीव उड्डाणाची तरतूद केली आहे काय, शीतनाचे वजन मोजले आहे काय आणि तुलना दर प्रवाशामागे केली आहे काय, या चार गोष्टी पाहणे आवश्यक असते. प्रतिमानाचे खरे कार्य विमान उडेल असे आश्वासन देण्याचे नसून ते कोणत्या अटींवर उडेल व कोणत्या अटींवर उडणार नाही, हे पैसा व काळ खर्च होण्यापूर्वी दाखवून देण्याचे आहे.